इन्स्टाग्रामवर चादरी विकताना पैसे नेमके कोठे घ्यावेत?

प्रश्न : भद्रावती पेठ, सोलापूर
आमच्या घरच्या यंत्रमागांवर जकार्ड (विणतानाच नक्षी उमटवलेल्या) चादरी आणि नॅपकिन तयार होतात. आजवर सगळा माल ठोक व्यापाऱ्यांकडे उधारीवर जात असे. आता माग चालतानाची रील टाकली की पुणे, हैदराबाद, इंदूर अशा ठिकाणांहून लोक भाव विचारतात. मात्र भाव सांगितल्यावर पत्ता, पैसे आणि रंग यांच्या बोलण्यात अर्धे ग्राहक गळतात. फोटोवरच खरेदीचे बटण असावे आणि ग्राहकाने तेथल्या तेथे पैसे भरावेत, अशी सोय आपल्याला करता येईल का?

उत्तर : टॉवेल विक्रेता, अक्कलकोट रोड
ताई, इन्स्टाग्रामच्या आतच पैसे भरण्याची सोय 2019 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, परंतु भारतातील विक्रेत्यांना ती मिळत नाही. आपल्याकडे फोटोतील वस्तूला टॅग लावला, तरी त्यावरून ग्राहक आपल्या वेबसाइटवर जातो आणि पैसे तेथे भरतो. म्हणजे टॅगच्या आधी वेबसाइट आणि पेमेंट गेटवे (वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा) हवा, आणि गेटवेचे शुल्क भावात धरायला हवे. सुरुवातीला मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉगच सुचवेन. त्यातून ग्राहक हव्या त्या वस्तू कार्टमध्ये घालून एकाच संदेशात ऑर्डर पाठवतो, त्यामुळे कोणता रंग आणि किती नग हा घोळ राहत नाही. पैसे यूपीआयने घ्यावेत. मात्र ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, रक्कम आपल्या खात्यात दिसल्यावरच पार्सल बांधावे.

भाव उघड लिहावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिणाऱ्याकडे अनेक ग्राहक फिरकतच नाहीत. चादरीची लांबी, रुंदी आणि वजनही द्यावे, कारण सोलापुरी चादरीची जाडी फोटोत कळत नाही आणि स्वस्त, पातळ नकलेशी तुलना होऊन आपलाच माल महाग वाटतो. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा; मरून आणि लाल रंग ट्यूबच्या प्रकाशात फसवे दिसतात.

उत्तर : करसल्लागार, सोलापूर
पैसे कोठे घ्यायचे याआधी माल कोठे पाठवायचा हे ठरवावे. केवळ महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परंतु यंत्रमागाची एक चादर जरी हैदराबादला विकली, तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) राहून परराज्यात माल विकता येत नाही, म्हणून रील पाहून परराज्यातून येणाऱ्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर नियमित नोंदणीच करावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या नगावर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के कर आहे, त्यामुळे भारी चादरीचा भाव ठरवताना ही सीमा ध्यानात ठेवावी. ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन आहे, ते चिन्ह पाकिटावर छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावे नोंदणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ती : भद्रावती पेठ
आपणा दोघांचे मनापासून आभार. नोंदणी होईपर्यंत महाराष्ट्रातील ऑर्डरीच घेऊ. परंतु अनेक जण माल हातात पडल्यावरच पैसे देऊ म्हणतात, त्यांना काय सांगावे?

उत्तर : टॉवेल विक्रेता, अक्कलकोट रोड
ग्राहकाने दारात पार्सल नाकारले तर जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे बहुधा विक्रेत्यावर पडते, आणि चादरीसारख्या जड मालात ते नफ्याहून अधिक होऊ शकते. म्हणून निदान कुरिअरच्या भाड्याइतकी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली माल पोचल्यावर घ्यावी. ज्याला खरोखर चादर हवी आहे तो तेवढी रक्कम देतो. माल परत घेण्याची मुदत आणि अट मात्र ऑर्डर घेतानाच लेखी कळवावी.