मंडळाचे पैसे 'हार्ट पॅकेज'वर घालवू नयेत, असं माझं मत आहे

रामबागचा औषधवाला

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आरोग्य शिबिरावर लावायचं ठरवलंय, त्याचा आनंद आहे. प्रस्ताव असा: एका खासगी रुग्णालयाचं सवलतीचं पॅकेज घ्यायचं, चाळिशीपुढच्या सगळ्या पुरुष सभासदांचा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करायची, आणि ज्यांना हवी त्यांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं स्कॅन. माझा याला विरोध आहे. रविवारी यावर मतदान आहे, पण बैठकीत पूर्ण बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

माझं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं. बीपीची पर्ची घेऊन आलेला माणूस महिन्याच्या गोळ्यांऐवजी दहाच नेतो. मग बरेच दिवस दिसत नाही. विचारलं तर म्हणतो, "काका, आता बीपी नॉर्मल आहे, गोळी बंद केली." अहो, गोळीमुळेच तर तो नॉर्मल होता! हीच माणसं छातीत लपलेलं ब्लॉकेज शोधायला हजारो रुपये काढून देतात, पण मशीनवर समोर दिसणाऱ्या १६०/१०० ची त्यांना भीती वाटत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आता तपासण्यांचं. बसल्या जागी काढलेला ईसीजी त्या घडीचं सांगतो, उद्याचं नाही. टीएमटीत दोष दिसतो तो बहुधा धमनी बरीच अरुंद झाल्यावर. पण अनेक अटॅक निम्म्याहूनही कमी अडथळा असलेल्या जागी येतात. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. आदल्या आठवड्यातली टीएमटी साफ असली तरी हे होऊ शकतं. आणि 'सगळं नॉर्मल' लिहिलेला कागद हातात आला की माणूस तंबाखूची पुडी आणखी निर्धास्तपणे उघडतो.

५२ देशांमधल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला: तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारूचं प्रमाण. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या आसपास. यातलं बरंचसं फीतपट्टी, बीपीचं मशीन आणि रक्ताच्या दोन-तीन चाचण्यांत कळतं.

माझा प्रस्ताव: दंडाला बांधायची चांगली बीपी मशीन घ्या, सगळ्यांची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करा, आणि उरलेला पैसा वर्षभर पाठपुरावा करण्यावर लावा. गोळी चालू आहे का, हे महिन्याला कुणीतरी विचारलं पाहिजे.

सीए पलासिया

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटलेलं नाही. माझा मोठा भाऊ तंबाखू खात नाही, शुगर नाही, बीपी १२४/८०. रोज रीजनल पार्कला चालायला जातो. ऑफिसच्या तपासणीत सीटी केली तर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा, इतका वर निघाला की डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. तुमच्या मशीन आणि फीतपट्टीत तो सुटला असता. सीटीचा उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडचा 'स्कॉट-हार्ट' अभ्यास बघावा. ४,१४६ रुग्ण, पाच वर्षं. सीटी झालेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक २.३ टक्के, न झालेल्यांत ३.९ टक्के. हा फरक लहान नाही.

रामबागचा औषधवाला

भाऊ वेळेत सापडला, देवाची कृपा. पण स्कॉट-हार्टमधले रुग्ण छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात आलेले होते. आपल्या मंडळातले सभासद धडधाकट आहेत. छातीत दुखणाऱ्याची सीटी करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. आणि त्या अभ्यासात फायदा झाला तो मुख्यतः सीटीनंतर जास्त लोकांना प्रतिबंधक औषधं नेमकेपणाने मिळाली म्हणून. म्हणजे पुन्हा गोळीच आली.

धडधाकट लोकांवरचा मोठा अभ्यास डेन्मार्कचा आहे, २०२२ चा. ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांहून जास्त पुरुषांमध्ये ज्यांना सीटीसह तपासणीला बोलावलं, त्यांच्या एकूण मृत्यूंत पाच वर्षांनी ठामपणे सांगता येईल असा फरक निघाला नाही.

मला दुसरी भीती आहे ती पुढच्या साखळीची. सीटीत ६० टक्के ब्लॉकेज लिहिलेलं दिसलं की घरचे म्हणतात, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून मोकळे व्हा. 'इस्केमिया' अभ्यासात हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेले पण प्रकृती स्थिर असलेले ५,१७९ रुग्ण होते. सरसकट अँजिओप्लास्टी-बायपासने त्यांचं आयुष्य वाढलं नाही. चांगल्या औषधोपचारावर असलेले तेवढेच जगले. छातीत दुखणं मात्र कमी झालं, तेही खरं. अटॅक चालू असतानाचा स्टेंट वेगळा, तो जीव वाचवतो. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, पण न लागणारा स्टेंट स्वस्त झाला म्हणून लागत नाही.

सीए पलासिया

डेन्मार्कचा अभ्यास अर्धाच सांगितलात. त्यातच ६५ ते ६९ वयाच्या गटात मृत्यू कमी दिसले. लवकर शोधलं तर उपयोग होतो, असा त्याचा कल आहे. आणि आपल्याला अटॅक पंचेचाळिशीतही येतात, मग सत्तरीच्या डॅनिश माणसांवरून इंदूरच्या तरुणांचा निर्णय कसा घेणार?

देवासचा अण्णा

दोघेही शेवटी गोळीवरच येताय. एकदा कोलेस्टेरॉलची गोळी लागली की जन्मभराची. आमच्या आजोबांनी तूप खाल्लं, शेत केलं, नव्वदी पाहिली. माझे पाय गोळीने इतके दुखायला लागले की मी ती सोडली. राजवाड्यापासून रोज सकाळी चालत जा, सराफ्यातलं रात्रीचं खाणं सोडा, शांत झोपा. शरीर आपोआप सावरतं.

एमजीएमची जुनी विद्यार्थिनी

अण्णा, चालणं, झोप, रात्रीचं खाणं बंद, हे सगळं अगदी बरोबर. एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकून मी डॉक्टर झाले, रुग्णांना हेच आधी सांगते. पण आजोबा शेतात राबत होते आणि आपण खुर्चीत बसतो. शिवाय त्यांच्या पिढीतले जे पन्नाशीत गेले, त्यांची गोष्ट सांगायला घरात कुणी उरलं नाही.

पायदुखीबद्दल. 'सॅमसन' नावाच्या अभ्यासात स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून ठेवलं. गोळीवर जो त्रास व्हायचा त्यातला सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. तुमचं दुखणं खोटं नाही, ते खरंच होतं. पण त्याचं कारण दर वेळी औषधच असतं असं नाही. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. डॉक्टरांना सांगून करा, मनाने सोडू नका. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा ४,४४४ रुग्णांवरच्या १९९४ च्या अभ्यासात स्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. ज्याला अटॅक येऊन गेला त्याने ही गोळी बंद करणं मला फार धोक्याचं वाटतं.

आणि खाण्याचं. आपल्या इंदुरी नाश्त्यातल्या निव्वळ पोह्यांना मी फार दोष देत नाही. त्यावरची मूठभर सेव, जीरावन मसाला, शेजारची जिलबी आणि संध्याकाळी पुन्हा नमकीन, यात मीठ, साखर आणि तेल जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. माळव्यात ते नाश्त्याबरोबरच संपत आलेलं असतं.

लोकमान्य नगरची सून

सगळा धागा वाचला. प्रस्तावात 'चाळिशीपुढचे पुरुष' लिहिलंय यावर कुणीच का बोललं नाही? माझ्या सासूबाईंना दोन दिवस जबडा आणि पाठ दुखत होती, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. घरात सगळे म्हणाले गॅस आहे, ओवा खा. तो अटॅक होता. त्या आज आहेत, पण हृदय अशक्त झालंय. गरोदरपणात ज्यांना बीपी किंवा शुगर झाली, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हेही मला त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं. मला दोन्ही झालं होतं. मंडळाच्या यादीत मी कुठे आहे?

एमजीएमची जुनी विद्यार्थिनी

ताई, तुमचा मुद्दा मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही तर या यादीत वरच हव्यात, आणि शिबिराची वाट न पाहता बीपी-शुगर-लिपिड करून घ्या.

शिबिर कुठलंही करा, पण त्यात हे शिकवा: छातीत दाब, डावा किंवा दोन्ही हात, जबडा, पाठ दुखणं, घाम, अचानक धाप, यातलं काही काही मिनिटांत थांबलं नाही तर गॅसची पुडी घेऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन. स्वतः स्कूटर चालवत जायचं नाही. पहिला ईसीजी साफ आला तरी दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) काही तासांनी परत बघतात, म्हणून घरी जायची घाई नको. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम चावून घेता येते. १९८८ च्या एका प्रचंड अभ्यासात अटॅकमध्ये दिलेल्या अॅस्पिरिनने मृत्यू जवळपास एक चतुर्थांश घटले होते. धडधाकट माणसाने रोज ती मनाने घेणं मात्र चूक, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

सीए पलासिया

बायकांचं नाव यादीत आलंच पाहिजे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. १०८ चं प्रशिक्षणही हवं. पण ज्यांच्या घरात वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आलाय, त्यांच्या कॅल्शियम स्कोअरसाठी वेगळे पैसे ठेवा. नाहीतर मी रविवारी काकांच्या प्रस्तावाला मत देणार नाही.

रामबागचा औषधवाला

अशा घरांसाठी ठेवू, पण हृदयरोगतज्ज्ञाने तपासून लिहून दिलं तरच. त्यांची लिपोप्रोटीन-ए (रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीची चाचणी) सुद्धा एकदा करावी, ती आनुवंशिक असते, बहुतेकांना एकदा केली की पुरते, आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. तुमच्या भावाचीही करून घ्या. सरसकट पॅकेजला माझा विरोध रविवारीही राहील.