मार न लागताही प्लीहा फुटते
मलेरियाच्या रुग्णाबद्दल प्रश्न येतो की पडझड नाही, मार नाही, मग प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव, स्प्लीन) फुटेलच कशी. फुटते. गडचिरोलीकडे मलेरिया अंगावर काढणारे थोडे नाहीत. तापात प्लीहा झपाट्याने सुजते, आवरण ताणलं जातं, मग खोकल्याचं किंवा ओकारीचं निमित्तही पुरतं. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकारातही हे होतं, तेव्हा 'साधा मलेरिया' म्हणून निर्धास्त राहू नका.

तापाच्या रुग्णाचं डाव्या बरगड्यांखाली दुखतंय, डावा खांदा विनाकारण ठणकतोय, घाम फुटून नाडी धावतेय, तर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवायचं नाही. (आपल्याकडे नेमकं तेच होतं.) सुरुवातीला हिमोग्लोबिन ठीक येऊ शकतं, त्यावर विसंबू नये. आधी सोनोग्राफी. रक्तदाब टिकून असेल तरच सीटी स्कॅन. कोसळत असेल तर रक्त चढवत थेट ऑपरेशन.

प्रत्येकाची प्लीहा काढावीच लागते असं नाही. रुग्ण स्थिर असेल तर मलेरियाचं औषध, सक्त आराम आणि वारंवार तपासणी यांवर निभावतं, पण सर्जन आणि रक्तपेढी हाताशी हवी. तातडीने काढावी लागलीच, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी साधारण १४ दिवसांनी. आणि पुढे कधीही ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.