मदत हवी आहे: तापलेली हवा, समोर टेकडी आणि छोटं विमान

नमस्कार मंडळी. भाची पायलट व्हायचं म्हणतेय, आणि घरात तिच्या बाजूने मी एकटाच! 2023 च्या मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात कोसळलं, तेव्हापासून ताईने धसका घेतलाय.

मला समजलं ते इतकंच: हवा तापली की विरळ होते, मग पंख आणि इंजिन दोन्ही कमी पडतात. आपलं नागपूर जेमतेम 310 मीटर उंचीवर, पण मे महिन्यातल्या 45 अंशांत विमानाच्या दृष्टीने ते साधारण 1500 मीटरवर जातं. (आपलंही तेच होतं म्हणा!) धावपट्टी सुटते, पण पुढची टेकडी ओलांडण्याइतकी चढ मिळत नाही; घाईने वळवायला जावं तर विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचलच सुटते.

इथे कोणी उडवणारे आहेत का? चढ पुरेल की नाही, हे निघण्याआधी नेमकं कसं काढता? आणि "आज नको" म्हणायची मुभा शिकाऊ पोरांना खरंच असते का? उत्तरं ताईला वाचून दाखवायची आहेत.