शब्दचर्चा: ‘अपहरण’ म्हणावं की नुसतं ‘नेणं’?

पाटीपेन्सिल:
एका दिवाळी अंकासाठी लेखाचं भाषांतर करते आहे आणि पंधरा दिवस एकाच शब्दापाशी घुटमळते आहे. लेख आहे परग्रहावरच्यांनी माणसं उचलून नेल्याच्या कथांबद्दल. त्या खऱ्या की खोट्या यात लेखक शिरत नाही. तो विचारतो, खऱ्या धरल्या तर नेणाऱ्यांच्या मनात वाईटच असेल असं आपण कशावरून ठरवतो? आपणही प्राण्यांना पकडतो, भूल देतो, रक्त काढतो, खूण करतो, परत सोडतो. त्यातलं बरंचसं त्यांच्या भल्यासाठी असतं. पण ते त्यांना कोण सांगणार?

पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे ‘अपहरण’ लिहिलं. वाचताना खटकलं. अपहरण म्हटलं की खंडणी आली, पोलीस आले, गुन्हा झालाच. जो प्रश्न लेखकाला उघडा ठेवायचा आहे, तो हा शब्द आधीच मिटवून टाकतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सप्टेंबर १९६१मध्ये बेटी आणि बार्नी हिल हे अमेरिकन जोडपं कॅनडातून रात्री मोटारीने घरी परतत होतं. न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागात आकाशातला एक दिवा आपल्या मागे येतोय असं त्यांना वाटलं. घरी पोचल्यावर मधल्या सुमारे दोन तासांचा हिशेब लागेना. पुढे १९६४मध्ये बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित केलं. त्या अवस्थेत त्यांनी यानात नेल्याची आणि तपासणी झाल्याची हकीकत सांगितली. बेटी म्हणाल्या, बेंबीत लांब सुई खुपसली, खूप दुखलं, तेव्हा त्यांच्यातल्या म्होरक्याने डोळ्यांसमोर हात फिरवला आणि दुखणं थांबलं. सायमन यांनी ही हकीकत घडलेली घटना म्हणून कधी स्वीकारली नाही. मला मात्र तो हात सोडवत नाही. जो दुखणं थांबवायला हात फिरवतो, त्याला ‘अपहरणकर्ता’ म्हणू का?

जुना कोश:
मुळापासून बघू. ‘हृ’ म्हणजे नेणं, आणणं, वाहणं. आहार, विहार, उपहार, परिहार, संहार, सगळे याच धातूचे. चांगलं-वाईट ठरतं ते पुढच्या उपसर्गाने. ‘अप’ लागला की दूर नेणं, हिरावून नेणं. तुमची तक्रार त्या ‘अप’बद्दल आहे. मग तो काढला तर?

नुसतं ‘हरण’ संमतीबद्दल काहीच बोलत नाही. सीताहरण म्हणतो आणि रुक्मिणीहरणही म्हणतो. सीतेला बळाने नेलं. रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावलं. नेणारा रथात घालून नेतो, मागे आरडाओरडा होतो, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून तर एकनाथांनी याच प्रसंगावर रचलेल्या काव्याचं नाव ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे. रुक्मी ज्याला हरण म्हणेल, ते त्याच्या बहिणीच्या बाजूने स्वयंवर होतं.

अडचण एकच. मराठीत ‘हरण’ म्हणजे हरीणही. तो शब्द ‘हरिण’वरून आला, याचा त्याच्याशी संबंध नाही. पण ‘माणसांचं हरण’ वाचताना वाचक क्षणभर अडखळणार.

काळा कोट:
कायद्याच्या बाजूने एक दुरुस्ती. ‘अपहरण म्हटलं की गुन्हा झालाच’ हे बोलण्यात खरं, कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३८मध्ये व्याख्या आहे ती एवढीच: बळजबरीने किंवा फसवून एखाद्याला एका जागेहून हलवणं. तेवढ्यावर शिक्षा नाही. खून करण्यासाठी, डांबून ठेवण्यासाठी असा हेतू जोडला की शिक्षेची कलमं लागतात. मुलांचं वेगळं आहे. पालकांच्या ताब्यातून मूल नेलं तर ते मूल राजीखुशीने गेलं का, हे कोर्ट विचारात घेत नाही. कारण त्याची संमती संमती धरलीच जात नाही.

या लेखात माणूस कोणत्या जागी बसतो, सज्ञानाच्या की मुलाच्या, हे बघा. प्राण्यांना तर आपण कायम दुसऱ्या जागी बसवतो.

ओतूर:
आमच्या जुन्नर तालुक्यात ‘नेणं’ हा शब्द रोजचा आहे, म्हणून लिहितो. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो. ‘पिंजरा लावला’, ‘वाघ अडकला’, ‘वाघ नेला’. पेपरवाले लिहितात ‘बिबट्या जेरबंद’. बिबट्या, दरोडेखोर, सगळे जेरबंदच. आजोबा सांगायचे, जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर उडवू नये म्हणून पोटाखालून लावायचा पट्टा. त्या अर्थाने आता कुणी वापरत नाही.

आणि मांजराचंही सांगतो. मांजर फार झालं की पोत्यात घालून चार गावं लांब ‘नेऊन सोडतात’. सोडणारा म्हणतो, तिकडे उंदीर खाईल, सुखात राहील. आठवड्याने मांजर दारात.

रानवाट:
ओतूरकर दादांच्या पोत्यातलं मांजर आणि आमचे बिबटे, गोष्ट एकच. मी पशुवैद्य, बरीच वर्षं वनखात्याबरोबर काम केलं आहे. आमच्या अहवालांत चार शब्द फिरतात: ‘सुरक्षित ताब्यात घेतला’, ‘रेस्क्यू केला’, ‘स्थलांतर केलं’, ‘नैसर्गिक अधिवासात मुक्त केला’. विहिरीत पडलेल्याला बाज सोडून वर काढला, तर ‘सुटका’ हा शब्द शंभर टक्के खरा. पण उसातून पिंजऱ्यात आलेल्याला ‘रेस्क्यू’ म्हणतात तेव्हा कुणाची सुटका झाली? उसाच्या मालकाची.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून असे बिबटे मोठ्या संख्येने धरून लांबच्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. त्याआधी जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, त्या काळात ते १७च्या आसपास गेले. ज्या जंगलांच्या कडेला सोडले, तिथेही हल्ले सुरू झाले. हेतू चांगलाच होता, मी त्या माणसांना ओळखतो. जनावर मारायचं नाही, त्याला जंगल द्यायचं. पण जे जंगल दिलं ते त्याचं नव्हतं.

२००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून एक वयस्कर नर काढला. त्याला आजोबा असं नाव पडलं. गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तो निघाला तो रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडत, महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. आम्ही त्याला घरी सोडलं असं म्हणत होतो, त्याच्या डोक्यात पत्ता दुसराच होता.

ताई, म्हणून एक सांगणं. ‘हितेच्छू’ आणि ‘हितकारक’ यांची गल्लत करू नका. पहिला शब्द करणाऱ्याच्या मनाबद्दल आहे, दुसरा ज्याच्यावर केलं त्याच्या अवस्थेबद्दल. लेखाच्या शीर्षकात यातला कोणता आहे, त्यावर सगळा लेख फिरतो.

आणि त्या डोळ्यांसमोरच्या हाताबद्दल. केटामाइनची भूल दिली की बिबट्याचे डोळे उघडेच राहतात, पापणी लवत नाही. म्हणून आधी डोळ्यांत मलम घालायचं आणि वर फडकं टाकायचं. बुबुळ सुकू नये, उजेडाने जनावर बिचकू नये. मग शेपटीच्या मुळाशी चिप, रक्त, दातांची तपासणी. मी हे किती वेळा केलं त्याची मोजदाद नाही. त्या बाईंची हकीकत वाचून आज पहिल्यांदा फडक्याच्या आतल्या बाजूने विचार केला.

पाटीपेन्सिल:
दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून काही वेळ वही मिटून बसले. ‘हितेच्छू’ आणि ‘हितकारक’ हा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. मी दोन्हींची सरमिसळ केली होती, आता पानापानावर दुरुस्त करते आहे.

अजून एक अडचण. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉन मॅक अशा माणसांशी वर्षानुवर्षं बोलले. ‘ज्यांना पळवलं ते’ याऐवजी ‘ज्यांनी अनुभव घेतला ते’ अशा अर्थाचा शब्द त्यांनी वापरला. मराठीत ‘अनुभवी’ केलं तर भलताच अर्थ होतो, अनुभवी गवंडी, अनुभवी सुईण. ‘अनुभवलेले’ लिहू का?

जुना कोश:
‘अनुभवलेले’ म्हणजे ज्यांचा अनुभव दुसऱ्याने घेतला ते. नको. सरळ ‘अनुभव सांगणारे’ लिहा. ते सांगतात, एवढंच आपल्याला माहीत आहे.

तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने प्राण्यांचे शब्द चाळत बसलो. ‘पाळणे’ बघा. मूळ ‘पाल्’, म्हणजे राखणं, सांभाळणं. त्याच घरात पाळणा आहे, शब्द पाळणं आहे, आणि पाळत ठेवणंही आहे. जो राखतो तोच नजर ठेवतो. ‘माणसाळणे’ बघा. हत्ती शांत झाला, शिकला असं आपण म्हणत नाही, माणसाळला म्हणतो. जनावराचं भलं कशात, याचं माप शब्दातच आहे आणि ते माप आपण आहोत. तुमच्या लेखातली परग्रहावरची मंडळी त्यांच्या भाषेत असाच एखादा शब्द वापरत असतील, तर त्यात त्यांचं नाव असेल, आपलं नाही.

जनावराच्या बाजूने घडलेला शब्द शोधत होतो. एकच सापडला: अभयारण्य. जिथे भय नाही ते अरण्य. बाकी पिंजरा, कोंडवाडा, निवारा केंद्र, संग्रहालय हे सगळे बांधणाऱ्याच्या बाजूचे. १९७३मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉल यांनी मांडलं होतं, की बाहेर कुणी असतील तर त्यांनी आपल्याला राखून ठेवलं असेल आणि मुद्दाम हात लावत नसतील. त्यांनी नाव दिलं प्राणिसंग्रहालयाचं. त्यांच्या कल्पनेला खरं तर अभयारण्य हा शब्द बसतो. तुमच्या लेखात ती कल्पना आली असेल तर विचार करा.

शिरोळ:
एक ताजं उदाहरण, आमच्या भागातलं. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण तीस वर्षांहून अधिक काळ इथे होती. जुलै २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिला गुजरातेत जामनगरला, ‘वनतारा’ या प्राण्यांच्या केंद्रात नेलं. कागदोपत्री शब्द ‘पुनर्वसन’. तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं होतं की तिच्या पायांचे हाल होते, ती एकटी होती, आणि हत्तीला हत्तींमध्ये राहायला मिळावं. इथे माणसं रस्त्यावर रडत होती, सह्या झाल्या, कोल्हापूरपर्यंत पदयात्रा निघाली. मीही चाललो. तिच्या पायांबद्दल जे लिहिलं होतं ते मी नाकारत नाही. पण घरात ‘महादेवीचं पुनर्वसन झालं’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. ‘महादेवीला नेलं’ असंच निघतं.

काळा कोट:
तुमचा शब्द मिळाला की, ताई.

पाटीपेन्सिल:
हो. शिरोळकरांचं वाक्य वाचल्यापासून ‘नेणं’च घोळतं आहे. वाघाने शेळी नेली. पुराने घर नेलं. म्हातारीला देवाने नेलं. पोलिसांनी रात्री नेलं. आणि आषाढ लागला की वडील लेकीला माहेरी न्यायला येतात. सगळीकडे एकच क्रियापद, आणि नेणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्यात कुठेच नाही. ते कर्त्यावरून कळतं. कर्ता अनोळखी असेल तर कळत नाही, आणि लेखाला नेमकं तेच हवं आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्यामुळेच हा लेख मी घेतला. आमच्या गल्लीत एक पिवळसर कुत्री होती. दर पावसाळ्यात तिला पिल्लं व्हायची आणि निम्मी मोटारींखाली जायची. शेवटी मीच फोन करून निर्बीजीकरणाची गाडी बोलावली. मी फाटकाशी उभी राहून तिला बिस्किटाने बोलावलं, त्यांनी मागून जाळं टाकलं. पाचव्या दिवशी नियमाप्रमाणे आणलं तिथेच आणून सोडलं. पोटावरचे केस काढलेले, टाके, एका कानाचं टोक कापलेलं. त्यावरून कळतं की हिचं झालं आहे, पुन्हा धरू नये. पुढची चार वर्षं ती धडधाकट जगली. रेबीजची लस झालेली, पिल्लांची धावपळ नाही, अंगावर मांस धरलं. काहीही वाईट झालं नाही, आणि आजही मी तोच फोन करेन.

पण गाडीचा तो आवाज लांबून आला तरी ती इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली शिरायची. माझ्या हातून तिने पुन्हा कधी खाल्लं नाही. मी पोळी ठेवून आत गेले, दार लावलं, की मग यायची.

बेटी हिलच्या हकीकतीपाशी आले की मला ती टपरी दिसते. तिच्या लेखी मी कोण होते, यासाठी माझ्याकडे शब्द नाही. ‘हितेच्छू’ मी स्वतःला म्हणते, ती म्हणाली नसती.

तर लेखात सगळीकडे ‘नेणं’ करते आहे. ‘अपहरण’ फक्त दोन ठिकाणी राहील, जिथे सांगणारा स्वतः रागाने तसं म्हणतो. आता शेवटची शंका. ‘नेलेली माणसं’ लिहू की ‘नेली गेलेली माणसं’?

जुना कोश:
‘नेलेली’. ‘गेलेली’ जोडलंत तर ती स्वतःहून गेल्यासारखी वाटतात.

रानवाट:
आणि त्यांना परत ‘सोडलं’ लिहा, ‘मुक्त केलं’ नको.