बहात्तर वर्षं चाललेली मालिका
'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली, यापेक्षा लांबण जगात कुणी लावली नसेल, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या 'गायडिंग लाइट'ची कुंडली बघा! १९३७ साली रेडिओवर सुरू, १९५२ मध्ये सीबीएस या टीव्ही वाहिनीवर आली आणि २००९ मध्ये एकदाची संपली. सुरुवातीला भाग १५ मिनिटांचा, १९६८ पासून अर्ध्या तासाचा, १९७७ पासून तासाभराचा. मधली चारेक वर्षं रेडिओ आणि टीव्ही दोन्हीकडे चालू होती. त्याच नटांनी एकच भाग रोज दोनदा करायचा. आपल्याकडे डेली सोपवाले शिफ्टच्या नावाने रडतात ते उगीच नाही, पण हे जरा अतीच.

पैसा साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचा, म्हणूनच तर 'सोप'. पण मला खरी थोर वाटते ती लेखिका अ‍ॅग्नेस निक्सन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने बर्ट बाउअर या पात्राला गर्भाशयाच्या कर्करोगाचं कथानक दिलं, बायकांनी पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी) करून घ्यावी म्हणून. वाहिनी आणि साबणवाल्यांची अट काय, तर 'कॅन्सर' आणि 'गर्भाशय' हे शब्द उच्चारायचे नाहीत. तिने ते न उच्चारता सगळं सांगितलं. पुढे बर्ट करणाऱ्या शॅरिटा बाउअरचा पाय खरोखर कापावा लागला, तेव्हा तेही मालिकेत आलं.

आपल्याकडे अशा वेळी 'यापुढे ही भूमिका साकारणार आहेत...' अशी पाटी आली असती.