उंच आणि जड अॅडव्हेंचर टूरर, उंची कमी: थांबतानाची भीती कशी घालवावी?

लांबचा_पल्ला

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं मनात घोळत असलेली अॅडव्हेंचर टूरर (डांबरीवर लांबचा पल्ला आणि कच्चा रस्ता दोन्ही झेपणारी उंच, मोठी मोटरसायकल) अखेर घेतली. पुढे 21 इंची चाक, मागे 18, सीटची उंची 870 मिमी आणि टाकी फुल्ल असताना वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. माझी उंची पाच फूट पाच इंच.

हायवेला लागलं की गाडी अक्षरशः सुख देते. पाठ ताठ राहते, समोरच्या गाड्यांच्या टपावरून पुढचा रस्ता दिसतो, खड्डा कधी आला आणि कधी गेला कळत नाही. दिवसभर चालवून उतरलो तरी अंग दुखत नाही. पण थांबायची वेळ आली की पोटात गोळा येतो. दोन्ही पायांचे जेमतेम चवडे टेकतात. मध्यंतरी एका कच्च्या उतारावर थांबलो, पायाखालची खडी सरकली आणि गाडी आडवी. मला लागलं नाही, पण क्लचचा लिव्हर तुटला आणि गाडी उचलायला तिघं लागले. तेव्हापासून कच्चा रस्ता दिसला की मी मागे फिरतो, आणि गाडी तर त्याच रस्त्यांसाठी घेतली होती.

सीटचा फोम कापून घेऊ? लोअरिंग लिंक (मागच्या शॉकअपला जोडून गाडी खाली बसवणारा सुटा भाग) टाकू? की ही देऊन एखादी हलकी घेऊ? घरचे म्हणतात विकून टाक. माझं मन होत नाही.

टॉप_गिअर_नको

लोअरिंग लिंक टाका आणि मोकळे व्हा. तासाभराचं काम आहे. माझी गाडी 30 मिमी खाली आली, आता दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात. उगाच डोक्याला ताप कशाला?

खडीवरची

दादा, विकू नका आणि लिंकही एवढ्यात टाकू नका. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझ्या गाडीची सीट तुमच्याएवढीच उंच आहे आणि वजन थोडं जास्तच. ही गाडी माझी फार लाडकी आहे, आणि तुमच्यासारखे प्रश्न घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना मी शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. थांबायच्या जरा आधी कंबर सीटवर डावीकडे सरकवा, इतकी की उजवी मांडी सीटवर राहील आणि डावा पाय सरळ खाली जाईल. डावं पाऊल टाचेसकट टेकतं. उजवा पाय मागच्या ब्रेकवरच. अशी गाडी किंचित डावीकडे कलून उभी राहते आणि तिचं वजन तुमच्या एका सरळ पायावर येतं. दोन्ही चवड्यांवर तोल सांभाळण्यापेक्षा एका पूर्ण पावलावर गाडी कितीतरी घट्ट उभी राहते. चढावर तर मागचा ब्रेक हातचा राहतो, हा आणखी फायदा.

दुसरी गोष्ट, कुठे थांबायचं ते गाडी चालत असतानाच ठरवा. जमीन डावीकडे खाली उतरत असेल तर तिथे डावा पाय टाकायचा नाही. दोन हात पुढे जा, किंवा कंबर उजवीकडे सरकवून उजवा पाय टाका. खडी, ओला पाला, रस्त्याच्या कडेची तुटलेली पट्टी हे सगळं थांबण्याआधी दिसलं पाहिजे. सवय झाली की हे आपोआप होतं, पण सुरुवातीला प्रत्येक वेळी मुद्दाम बघावं लागतं.

आता खरं काम. सपाट, रिकामं मैदान शोधा आणि पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने गाडी फिरवायला शिका. अॅक्सिलरेटर थोडासा देऊन तिथेच स्थिर ठेवायचा. वेग ठरवायचा तो हाफ क्लच (क्लच अर्धवटच सोडलेला) आणि मागच्या ब्रेकने. मागचा ब्रेक हलका दाबून धरला की चेन ताणलेली राहते आणि गाडीचे हिसके थांबतात. ते तुम्हाला तळपायात जाणवेल: इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे धरतोय आणि मधे गाडी एकदम शांत. मग हँडल एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरा. गाडी आत कलू द्या, तुमचं अंग मात्र बाहेरच्या बाजूला, वजन बाहेरच्या फुटरेस्टवर. नजर पुढच्या चाकावर नको. मान वळवून गोलाच्या पलीकडच्या टोकाकडे बघा. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. हळू वेगात पडणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी तिथेच पडतात: हँडल वळलेलं, दोन बोटं पुढच्या लिव्हरवर, पुढचा शॉकअप दबला की गाडी आतल्या बाजूला कोसळली.

हे तास दोन तास करून बघा. मला विचाराल तर या गाडीची निम्मी मजा ताशी वीस किलोमीटरच्या खाली आहे. एवढी मोठी गाडी दोन बोटं क्लचवर ठेवून एका जागी गोल फिरते तेव्हा जो आनंद होतो तो हायवेवर मिळत नाही.

आता उचलणं. हे शिकल्याशिवाय भीती जाणार नाही, कारण "पडली तर मी एकटा काय करू" हीच तर भीती असते. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद. पेट्रोल गळतंय का बघा. गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे चाक फिरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उचलताना पलीकडे कललीच तर स्टँडवर बसेल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, बूड सीटच्या कडेला लावून खाली बसा. एका हातात खालची ग्रिप, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल. हात सरळ ठेवायचे, ओढायचं नाही. पाठ ताठ, आणि पायांनी जमीन रेटत मागे मागे छोटी पावलं टाका. कंबरेतून वाकून ओढाल तर पाठ धरेल. उतारावर पडली असेल आणि चाकं चढाच्या बाजूला असतील तर आधी गाडी फरफटत फिरवून चाकं उताराकडे आणा. मग उचलणं निम्म्याने सोपं होतं. आज मऊ गवतावर किंवा जुन्या गादीवर कुणाला तरी सोबत घेऊन मुद्दाम आडवी करा आणि उचलून बघा. सामान काढून ठेवून करा.

लिंकबद्दल. आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते. मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट, जॅकेट घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. फरक मागच्या चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या साधारण एकतृतीयांश हवा. म्हणजे हालचाल 200 मिमी असेल तर 65 च्या आसपास. तुम्ही वजनाने हलके असाल तर हा फरक बराच कमी निघेल, कारण मागचा प्रीलोड (शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) तुमच्यासाठी जास्त कसलेला आहे. तो सैल केला की गाडी खालीही येईल आणि खड्ड्यांत चांगलीही चालेल. मात्र एकतृतीयांशाच्या पुढे उगाच सैल करत जाऊ नका. मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल.

लिंकने मागची बाजू खाली बसते, पुढची तशीच राहते. हँडल जड होतं, पोटाखालची मोकळी जागा कमी होते, आणि साइड स्टँड आता लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे कोसळते. लिंक टाकायचीच असेल तर स्टँड आखूड करणं आणि पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमधून दोन्ही बाजूंनी सारखेच वर सरकवणं, ही दोन्ही कामं सोबत करा. त्याआधी सीटचा पुढचा भाग फक्त अरुंद करून बघा. फोमची जाडी कापली तर तासाभरात बूड दुखतं. रुंदी कमी केली की मांड्या जवळ येतात, पाय सरळ खाली जातात आणि बसायला त्रास होत नाही.

टॉप_गिअर_नको

ताई, स्टँडचा मुद्दा बरोबर आहे. माझाही आखूड करून घ्यावा लागला होता, ते लिहायचं राहिलं. माझं फिरणं सगळं डांबरीवर, त्यामुळे मला लिंक पुरते.

जुना_नकाशा

खडीवरची यांनी सगळं नेमकं सांगितलंय. मी वजनाबद्दल बोलतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

या गाड्यांचा आजचा साचा तयार झाला तो बीएमडब्ल्यूने 1980 साली आणलेल्या आर 80 जी/एस पासून. 1981 ची पॅरिस-डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत फ्रेंच चालक युबेर ओरिओलने त्याच मालिकेतल्या गाडीवर जिंकली. मग होंडाने एनएक्सआर 750 वर 1986 ते 1989 सलग चार वेळा डकार जिंकली आणि त्याच जोरावर 1988 मध्ये रस्त्यावरची आफ्रिका ट्विन आली. पण आज त्याच डकारमध्ये 2011 पासून मोटरसायकलींना 450 सीसीची मर्यादा आहे. वाळूत आणि दगडांत जगातले सर्वोत्तम चालक आज हलक्या, एका सिलिंडरच्या गाड्यांवर धावतात. तेव्हा मोठी टूरर कच्च्यावर जड वाटते यात तुमचा काही दोष नाही. ती लांबच्या प्रवासासाठी आहे, आणि वाटेत कच्चा रस्ता आला तर तो पार करण्यासाठी.

गाडीचं वजन कमी करणं आपल्या हातात नाही, सामानाचं आहे. लोक मागे अॅल्युमिनियमच्या तीन पेट्या लावतात आणि सगळ्यात जड वस्तू वरच्या पेटीत कोंबतात. ते वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि सीटच्या वर लटकतं. वेगात हँडल डुलायला लागतं आणि खराब रस्त्यावर सबफ्रेमला (सीट आणि पेट्यांचा भार पेलणाऱ्या मागच्या सांगाड्याला) तडा जातो. हत्यारं, ट्यूब, पाण्याच्या बाटल्या हे सगळं खाली आणि पुढे घ्या, इंजिन गार्डच्या पिशव्यांत किंवा बाजूच्या पिशव्यांच्या तळाशी. वर फक्त स्लीपिंग बॅग आणि कपडे. कच्च्यावर जाणार असाल तर कडक पेट्यांऐवजी कापडी पिशव्याच घ्या. वाळूत पाय खाली टाकला आणि गाडी पुढे सरकली की कडक पेटी मागून पोटरीवर येते. मी लोकांचे घोटे मोडलेले पाहिलेत.

लांबचा_पल्ला

खडीवरची ताई, तुमचं वाचून दोन शनिवार मैदानात घालवले. सॅग मोजला तर 40 मिमी निघाला, म्हणजे प्रीलोड खूपच कसलेला होता. सैल करून 62 वर आणला. डावा पाय आता पूर्ण टेकतो. गवतावर गाडी आडवी करून एकट्याने उचलली, आणि बायकोनेही उचलली! तिने घरी विकण्याचा विषय काढणं बंद केलंय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लिव्हर पुन्हा तुटू नये म्हणून काय करू? कच्च्यावर टायरमध्ये हवा किती ठेवू? आणि प्रीलोड बदलल्यावर चेन पुन्हा बघायची का?

खडीवरची

वा! वहिनींना आता मैदानात चालवायलाही द्या.

लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर एवढाच कसा की प्रवासात हलणार नाही, पण जोराने हाताने ढकलला तर फिरेल. क्लॅम्पच्या खाली हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिलेत तर छान फिरतो. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी वळतो. उचलल्यावर परत जागेवर आणायचा. शिवाय आतून धातूची पट्टी असलेले हँडगार्ड लावा, नुसत्या प्लास्टिकचे फक्त वारा अडवतात. त्याच वेळी लिव्हर थोडे खालच्या कोनात फिरवून घ्या, म्हणजे उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील.

हवा डांबरीवर मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच. कच्च्यावर मी ट्यूबच्या टायरमध्ये 26 पीएसआयच्या खाली जात नाही. त्याहून कमी केली तर एक तर दगडावर रिम वाकते, किंवा टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. आणि छोटा पंप सोबत नसेल तर हवा सोडूच नका, कारण डांबरीवर परत आल्यावर तशीच पळवणं धोक्याचं. मैल दोन मैलांत टायर तापतो. मागचा एबीएस बंद करायची सोय असेल तर खडीच्या उतारावर बंद करा, पुढचा चालूच ठेवा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की हे सेटिंग आपोआप पूर्ववत होतं, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर तपासा.

चेन नक्की बघा. या गाड्यांचा मागचा शॉकअप लांब हलतो. चाक वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर उभ्या गाडीची चेन पाहून ढिली वाटते, माणूस पाना घेऊन कसतो, आणि मग भरल्या सामानानिशी खड्ड्यात आपटली की चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टलाच ओढते. दोघांना गाडीवर बसवून, ते तिन्ही बिंदू एका रेषेत आले की तिथे चेनला थोडी तरी ढील आहे ना, हे हाताने बघा. त्यानंतर गाडी स्टँडवर लावून ढील किती मिमी भरते ते लिहून ठेवा. तो आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत बसला पाहिजे, आणि पुढच्या वेळी तेवढीच ठेवायची.