मित्र असूनही मुलगा गप्प का राहतो?

वसतिगृह_नंदनवन
नागपुरातील नंदनवनमधील एका खासगी वसतिगृहाची देखरेख मी नऊ वर्षांपासून करीत आहे. बहुतेक मुले गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडची; कोणी नीटची तयारी करणारा, कोणी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी एकाने, जो रोज सकाळी चार जणांबरोबर तर्री-पोहे खायला जात असे, मला सांगितले की दोन महिन्यांपासून त्याच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत. उपचारांनी तो आता सावरला आहे. ज्यांना माणसांची सोबत असते त्यांच्यात असे विचार कमी आढळतात, असे आपण वाचतो. मग ती सोबत त्याच्या कामी का आली नाही, आणि माझी खोली शेजारीच असताना तो दोन महिने गप्प का राहिला?

समाजसेविका_मेडिकल_चौक
अधीक्षक साहेब, मी मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले आहे. समाजाशी नाते सैल होणे आणि आत्महत्या यांचा संबंध फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्येच मांडला होता. पुढे २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी असे प्रतिपादन केले की आत्महत्येची इच्छा मुख्यतः दोन जाणिवांतून निर्माण होते: आपण कोणाचेच नाही ही एक, आणि आपण आपल्याच माणसांवर ओझे आहोत ही दुसरी. ठेल्यावरचे चार मित्र पहिली जाणीव थोडीफार हलकी करतात, दुसरीला मात्र त्यांचा हात पोहोचतोच असे नाही.

राहिला गप्प राहण्याचा प्रश्न. विचारांची तीव्रता वाढली की मदत मागण्याची तयारी बहुधा घटते, असे संशोधकांना वारंवार आढळले आहे. म्हणून "काही अडचण असेल तर सांगा" ही आपली नेहमीची सूचना नेमक्या त्याच मुलाच्या उपयोगी पडत नाही. आपणच त्याला एकांतात, शांतपणे आणि थेट विचारावे की मरणाचे विचार येतात का. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही.

धानपट्ट्यातला
ताईंनी ओझ्याविषयी लिहिलेले मी अनुभवले आहे. माझ्या शिकवणीच्या शुल्कासाठी बाबांनी कर्ज काढले होते. रोज रात्री फोनवर ते "जेवलास का?" एवढेच विचारत आणि मी "जेवलो" म्हणत असे, दोघांचेही एकमेकांवर प्रेम होते आणि दोघेही खरे बोलत नव्हतो. शेवटी मला विचारले ते डबा देणाऱ्या काकूंनी. "बाबू, तीन दिवसांपासून पोळ्या तशाच वापस येऊन राहिल्या, काय झालं?" मी तिथेच रडलो. त्या दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याशी माझी ओळख ती काय, डब्यापुरती.

प्राध्यापक_निवृत्त
राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक, १,७६४ होती. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. नेमणूक होईलही, पण मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या दालनासमोर होता आणि आत जाण्यापूर्वी शिपायाजवळच्या नोंदवहीत नाव लिहावे लागे. (नोंदवही वर्षभर जवळजवळ कोरीच राहिली, याचे व्यवस्थापनाला समाधान वाटे!) एक सावधगिरीही नोंदवतो: सोबत तुटल्याने विचार येतात, तसेच विचार आल्याने माणूस सोबतीतून हळूहळू निघून जातो, त्यामुळे कोण आधी, हे एका पाहणीवरून ठरवता येत नाही.

वसतिगृह_नंदनवन
सर्वांचा आभारी आहे. खानावळीच्या ताईंशी आजच बोललो. सलग दोन वेळा कोणाचे ताट तसेच राहिले तर त्या मला कळवणार आहेत. पण मी विचारले आणि मुलगा "हो" म्हणाला, तर त्या रात्री नेमके काय करावे?

समाजसेविका_मेडिकल_चौक
त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, आणि ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क असून त्यावर मराठीत बोलता येते. फोन आपण लावून द्यावा. धोका तातडीचा वाटल्यास रात्रीच त्याला शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. तेथे मनोविकारतज्ज्ञांना बोलावण्याची विनंती करावी, आणि घरच्यांना आपण काय सांगणार आहोत ते आधी त्यालाच सांगावे.